नेट बंद की टॉवर बंद? गावात बसून बंदी ओळखायची, आदेश मागायचा आणि फॉरवर्ड तपासायचं, क्रमाने

नेट गेलं की गावात दोन गोष्टी एकदम होतात. कोणीतरी 'सरकारनं बंद केलं' म्हणून मोकळा होतो. आणि ज्याच्या घरी वायफाय चालू आहे तो कुठलं तरी 'आदेशाचं पत्र' ग्रुपवर टाकतो. बहुतेक वेळा लाइन गेलेली असते, नाहीतर नालीच्या कामात जेसीबीने केबल तोडलेली असते, आणि ते पत्र भलत्याच जिल्ह्याचं निघतं. उलटंही होतं. आदेश खरोखर निघालेला असतो आणि कास्तकार दिवसभर सिम काढतो, घालतो, फोन बंद-चालू करतो, वर नवा रिचार्जही मारून बसतो.

गडबड सगळी क्रमाची आहे. लोक आधी पाठवतात, मग विचारतात आणि जमलंच तर शेवटी तपासतात. खाली हाच क्रम उलटा लावला आहे. पहिला टप्पा नेट चालू असतानाच उरकायचा आहे, आणि नेमका तोच सगळे टाळतात.

## टप्पा १ : नेट चालू असतानाची तयारी

नंबर कागदावर. पोलीस ठाणे, तहसील, पोलीस पाटील, बँकेची शाखा, ग्रामीण रुग्णालय यांचे नंबर वहीत लिहून ठेवा. सोबत ११२ (आपत्कालीन), १०८ (रुग्णवाहिका) आणि १०७७ (जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष). हे नंबर आजकाल व्हॉट्सॲपवर शोधून काढायची सवय लागली आहे. नेट गेलं की आधी न उतरवलेला फोटो किंवा फाइल उघडत नाही म्हणून लोक अडतात.

कागदपत्रं. सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचं पहिलं पान यांची छापील प्रत घरात हवी. डिजिलॉकरवर भिस्त असेल तर फाइल फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. ॲपमध्ये दिसते म्हणजे ती फोनमध्ये आहेच असं नाही. विमान मोड लावून फाइल उघडून बघा, म्हणजे कळेल.

पैसे. थोडी रोकड हवीच. बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणं नेटवरच चालतं आणि रेशनच्या ई-पॉस मशीनमध्येही बहुधा सिमच असतं, त्यामुळे मोबाईल डेटा बंद झाला की दोन्हीकडे रांग अडते. नेटशिवाय पैसे पाठवायला *९९# ही सोय आहे: बँकेत नोंदलेल्या नंबरावरून डायल करायचं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत.

> थांबा: *९९# सगळ्या सिमवर नीट चालत नाही. आजच, नेट चालू असताना, घरातल्याच कोणाला दहा रुपये पाठवून बघा. बंदीच्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलात तर यूपीआय पिनपाशीच गाडी अडेल.

रेडिओ. घरात सेलवर चालणारा असेल तर त्याचे सेल बदला. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राच्या प्रादेशिक बातम्यांना मोबाईल टॉवर लागत नाही.

## टप्पा २ : काय बंद आहे, ते ओळखा

हा टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा, मधली गाळू नका.

पायरी १. कॉल लावा. कॉलही लागत नसेल तर संशय आधी टॉवरवर घ्या. टॉवरला बॅटरी असते, कुठे जनरेटर असतो. लाइन सकाळी जाते, बॅटरीवर टॉवर काही तास ओढतो आणि दुपारी बसतो. म्हणून लाइनचा आणि नेटचा संबंध लोकांच्या लक्षात येत नाही. 'लाइन तं सकाळीच गेली होती, नेट आत्ता गेलं' असं म्हणून ते सरकारपर्यंत जाऊन पोचतात. भारतात आदेशाने बंदी येते तेव्हा बहुधा फक्त मोबाईल डेटा जातो, कॉल चालू राहतो. मोठा अपवाद काश्मीरचा: ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे मोबाईल, लँडलाइन, नेट सगळंच एकदम बंद झालं होतं.

पायरी २. स्वतःचा डेटा तपासा. दिवसाचा दीड-दोन जीबी कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो फिरत राहतो. हे दिसायला बंदीसारखंच दिसतं. रात्री बारानंतर आपोआप सुरू झालं तर तो तुमचा कोटा होता.

पायरी ३. दुसऱ्या कंपनीचं सिम बघा. एकाच कंपनीचं गेलं असेल तर तो कंपनीचा बिघाड. सगळ्यांचं एकाच वेळी गेलं असेल तरी लगेच निकाल देऊ नका. दोन-तीन कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर किंवा एकाच केबलवर असू शकतात.

पायरी ४. तारेवरचं नेट बघा. ग्रामपंचायत, शाळा, बँक, कोणाच्या घरचं फायबर. सगळ्या कंपन्यांचा मोबाईल डेटा बंद, कॉल चालू आणि फायबर व्यवस्थित, असं तिन्ही जुळलं तर आदेशाची शक्यता खूप वाढते.

पायरी ५. हद्द शोधा. शेजारच्या तालुक्यात, जमलं तर शेजारच्या जिल्ह्यात कोणाला साधा फोन लावा. आदेशाला प्रशासकीय सीमा असते. टॉवरच्या बिघाडाला नसते. दारव्ह्यात बंद आणि दिग्रसला चालू असेल तर एक अर्थ, नदीच्या अलीकडची चार गावं बंद आणि पलीकडची चालू असतील तर दुसरा.

पायरी ६. कंपनीचा एसएमएस बघा. 'सरकारी सूचनेनुसार तुमच्या भागात इंटरनेट सेवा बंद आहे' अशा अर्थाचा मेसेज कधी कधी येतो. आला नाही म्हणजे आदेश नाही, असं मात्र समजू नका.

> खात्री: सुरुवातीची वेळ, कुठली सिमं बंद, कॉल चालू की बंद, फायबर चालू की बंद, या चार गोष्टी वहीत लिहिल्या का? पुढे माहिती मागताना हेच पान कामी येतं. आठवणीवर राहू नका.

### नेट चालू, पण एकच साइट किंवा पोस्ट उघडत नाही

हा प्रकार वेगळा आणि याला कायदाही वेगळा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली केंद्र सरकार एखादी साइट, ॲप किंवा पोस्ट बंद करायला लावतं. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ ॲप गेली ती याच कलमाखाली. यासाठीच्या २००९ च्या नियमांत गोपनीयतेची तरतूद आहे, त्यामुळे कारण सहसा जाहीर होत नाही.

ओळखायचं असं. साइट उघडताना 'दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार हा पत्ता बंद केला आहे' अशी इंग्रजी पाटी आली तर प्रश्नच मिटला. पाटी न येता नुसतं फिरत राहिलं तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तोच पत्ता उघडा. कंपन्या एकसारखी पद्धत वापरत नाहीत. एकीकडे बंद असलेली साइट दुसरीकडे उघडते. यूट्यूब किंवा एक्सवर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' किंवा 'कायदेशीर मागणीवरून रोखलं' असं दिसलं तर पोस्ट टाकणाऱ्याने ती काढलेली नाही. ती फक्त भारतात दिसत नाही. 'घाबरून डिलीट केली बघा' असं लिहून पुढे पाठवण्याआधी हा फरक बघून घ्या.

> थांबा: व्हीपीएनचं वेड (व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसरीकडच्या संगणकामार्गे वळवणारं ॲप). मोबाईल डेटाच बंद असेल तर व्हीपीएन काहीच करू शकत नाही. रस्ताच नसेल तर आडवाट कुठून काढणार? एकच साइट बंद असते तेव्हा लोक ते वापरतात, पण जाहिरातींवर चालणारं फुकट ॲप बँकेच्या ॲपशेजारी बसवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं. शिवाय काश्मीरसारख्या ठिकाणी प्रशासनाने व्हीपीएनवरच बंदीचे आदेश काढलेले आहेत. आपल्या भागात तसा आदेश आहे का, ते आधी बघा.

वेग मुद्दाम कमी ठेवणं हाही बंदीचाच प्रकार. काश्मीरमध्ये जानेवारी २०२० पासून टप्प्याटप्प्याने टूजी सुरू झालं, फोरजी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला. इराणने नोव्हेंबर २०१९ मध्ये बाहेरचं नेट तोडलं आणि देशातल्या सेवा बऱ्याच अंशी चालू ठेवल्या. म्हणून 'माझं बँकेचं ॲप तर चालतंय' एवढ्यावरून बंदी नाही असं ठरत नाही.

## टप्पा ३ : आदेश मागा आणि वाचा

नेटबंदी तोंडी सांगून करता येत नाही. लेखी आदेश लागतो. तो काढण्याचा अधिकार राज्यात गृह विभागाच्या सचिवांना आहे. अगदी निकडीच्या वेळी सहसचिव दर्जाचा प्राधिकृत अधिकारी काढू शकतो, पण त्याला २४ तासांत वरून मंजुरी लागते. ठाणेदार किंवा तहसीलदार स्वतःच्या सहीने नेट बंद करू शकत नाहीत.

इथे एक घोळ कायम होतो. जमावबंदीचा आदेश (पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३) आणि नेटबंदीचा आदेश हे दोन वेगळे कागद. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी आणि नेटबंदी एकाच वेळी होती, त्यामुळे आपल्याकडे लोक दोन्ही एकच धरतात. चावडीवर जमावबंदीचा कागद लागला म्हणजे नेटबंदीचा आदेश निघालाच, असं नाही.

आदेश हाती आला की या क्रमाने वाचा:

1. कोणी काढला? पद आणि सही.
2. कुठल्या कायद्याखाली? आताचे नियम नोव्हेंबर २०२४ चे, दूरसंचार कायदा २०२३ खालचे. अलीकडच्या तारखेच्या पत्रात फक्त जुन्या २०१७ च्या नियमांचा उल्लेख असेल तर ते जुनं पत्र तारीख बदलून फिरवलं आहे का, ते बघा.
3. कुठे? तालुक्यांची नावं. 'संपूर्ण परिसर' असं मोघम लिहिलं असेल तर नोंद करा.
4. कधीपासून कधीपर्यंत? एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस.
5. का? कारण लिहिलेलं असायला हवं.

काश्मीरच्या नेटबंदीवरच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेमुदत नेटबंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध करावे लागतील, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचं त्याला देता येईल. शिवाय आढावा समितीने पाच दिवसांत आदेश तपासायचा असतो. या समितीबद्दल फारसं कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

> खात्री: आदेश मागायला जाल तेव्हा एकट्याने, कागद-पेन घेऊन आणि सौम्य आवाजात. जमावबंदी असताना पाच-सात जण मिळून ठाण्यात गेलात तर विषय नेटचा राहत नाही.

## टप्पा ४ : बंदीच्या काळात

फार काही करायचं नाही. ज्याची मुदत आज संपते ते काम आधी: पीकविमा, कापूस खरेदीची नोंदणी, प्रवेशाचा अर्ज. फायबर चालू असलेलं केंद्र शोधा. ओटीपी एसएमएसने येतो, त्यामुळे मोबाईल डेटा नसला तरी चालतं. तेही शक्य नसेल तर संबंधित कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या, त्यात नेट किती वाजल्यापासून बंद आहे ते लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला काय नि न दिला काय, सारखंच.

## टप्पा ५ : फॉरवर्ड तपासणं

बंदीच्या आगेमागे येणारे मेसेज सगळ्यांत घातक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: खोटं फक्त टवाळ पोरं पसरवत नाहीत, सरकारंही पसरवतात, आणि पगारी माणसं ठेवून पसरवतात. दोन्हींसाठी तपासणी एकच.

पायरी १. दोन बाण बघा. व्हॉट्सॲपवर वर दोन बाण दिसले तर मेसेज किमान पाच हातांतून फिरून आला आहे. पाठवणारा तुमचा मामा असला तरी लिहिणारा मामा नाही.

पायरी २. सरकारी पत्र असेल तर आकडे वाचा. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. समजा निर्णयाची तारीख ९ जुलै २०२४ आहे, तर सांकेतांक २०२४०७०९ किंवा त्याच्या आसपासच्या तारखेने सुरू व्हायला हवा. वर एक तारीख आणि सांकेतांकात दोन वर्षांपूर्वीची, असं असेल तर कोणीतरी वरचा भाग खोडून लिहिला आहे. तोच सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ कागद उघडा. नेटबंदीचा किंवा जमावबंदीचा आदेश हा शासन निर्णय नसतो, त्यात सांकेतांक शोधू नका. तिथे जावक क्रमांक, सही आणि कार्यालयाला फोन हीच तपासणी.

पायरी ३. पत्त्याचं शेपूट बघा. साइटचा पत्ता, पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा, उजवीकडून डावीकडे वाचा. सरकारी साइट बहुधा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपते. त्या रेघेआधीच हे शब्द मध्ये असून पुढे आणखी काही जोडलेलं असेल तर सोडून द्या. २०२२ मध्ये युरोपात उघडकीस आलेल्या 'डॉपेलगँगर' या रशियाधार्जिण्या मोहिमेत 'डेर श्पीगेल', 'गार्डियन' अशा वृत्तपत्रांच्या हुबेहूब नकली साइट काढल्या होत्या. मांडणी तीच, लोगो तोच, शेपूट तेवढं वेगळं.

पायरी ४. 'परदेशी माध्यमांनीही छापलं' याला भुलू नका. २०२० मध्ये ईयू डिसइन्फोलॅब या खोट्या प्रचाराचा माग काढणाऱ्या युरोपातल्या संस्थेने भारताच्या बाजूने चालणारं एक जाळं उघड केलं. साडेसातशेहून जास्त बनावट माध्यमं, बंद पडलेल्या संस्थांची नावं, आणि एक प्राध्यापक तर वारल्यानंतरही सभेला हजर दाखवले होते. आपल्या बाजूचं बोलणारी बातमी तपासायचा कंटाळा येतो, म्हणून तीच आधी तपासा.

पायरी ५. पानाचा जन्म बघा. फेसबुकवर कुठल्याही पानाच्या 'पेज ट्रान्सपरन्सी' मध्ये ते कधी सुरू झालं, आधीची नावं काय होती, चालवणारे कुठल्या देशातले, हे बहुधा दिसतं. २०१८ मध्ये फेसबुकने म्यानमारच्या लष्कराशी जोडलेली जी पानं काढली त्यातली काही करमणुकीची, सौंदर्याची म्हणून चालत होती. आपल्याकडे 'शेतकरी माहिती' नावाचं पान तीन वर्षांपूर्वी शायरीचं किंवा एखाद्या पुढाऱ्याचं निघालं, तर त्यात नवल काही नाही.

पायरी ६. फोटो आणि व्हिडिओ. फोटो गुगल लेन्समध्ये टाका. व्हिडिओ असेल तर दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, एसटीचा रंग दिसेल अशा क्षणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तो टाका. पाटी बांगला किंवा तेलुगूत असेल तर ते अकोट नाही.

पायरी ७. विषय कुठे नेतोय? ही तपासणी कोणत्याच ॲपमध्ये नाही. चीनमधल्या सरकारी पगारी लेखकांवर किंग, पॅन आणि रॉबर्ट्स या तिघा अभ्यासकांनी २०१७ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांच्या अंदाजाने असे लेखक वर्षाला सुमारे ४४.८ कोटी पोस्ट टाकतात, आणि त्या टीकाकारांशी वाद घालत नाहीत. जयजयकार करतात आणि विषय बदलतात. तेव्हा ग्रुपवर कापसाच्या भावाचा किंवा विम्याच्या पैशाचा प्रश्न निघाला आणि त्याच तासाभरात भलत्याच विषयावर रक्त तापवणारे चार मेसेज आले, तर ते कोणत्या प्रश्नावर पडदा टाकत आहेत ते बघा. मेसेज खरेही असू शकतात. तरीही बघा.

> थांबा: पीआयबीचा (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा) फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासतो, आणि तो सरकारचाच विभाग आहे. बनावट योजना, बनावट परिपत्रक यासाठी तो चांगला. सरकारवरची टीका खरी की खोटी, याचा अंतिम निकाल म्हणून तो धरू नका. सरकारी फॅक्ट चेक विभागाने खोटं ठरवलेला मजकूर कंपन्यांना हटवायला भाग पाडणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. त्यात निर्णायक मत देणारे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर नागपुरात वकिली केलेले.

### ग्रुप ॲडमिनसाठी

ॲडमिनला उगाच घाबरवणारे मेसेज पुष्कळ फिरतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण स्वतः टाकणारा आणि पुढे पाठवणारा सुटत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमं १९६ (तेढ पसरवणं) आणि ३५३ (अफवा पसरवणं) त्यासाठीच आहेत. कोणी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चा धाक घातला तर ते कलम २४ मार्च २०१५ लाच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं आहे. तणावाच्या दिवसांत ग्रुप 'फक्त ॲडमिन' वर ठेवा आणि तसं का केलं ते एका ओळीत लिहा, नाहीतर त्याचीच नवी अफवा होते.

## टप्पा ६ : नेट परत आल्यावर

पहिल्या तासात काहीच पुढे पाठवू नका. अडकलेले जुने मेसेज एकदम येऊन पडतात आणि परवाची गोष्ट आत्ताची वाटते. मेसेजची वेळ बघा.

मग, आदेश प्रसिद्ध झालेला सापडला नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज 'जनमाहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई' यांच्या नावे, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. ऑनलाइनही करता येतो. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा या चुकांमुळे:

- 'का बंद केलं?' असं विचारणं. कारण विचारू नका, कागद मागा: आदेशाची प्रत, आढावा समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, मुदतवाढ दिली असल्यास तिची प्रत.
- शब्दमर्यादा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. नेटबंदी आणि रेशनची तक्रार एकाच अर्जात घातली की संपलं.
- तारीख, तालुका न लिहिणं. टप्पा २ मधलं वहीचं पान इथे उतरवा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा सुरक्षेचं कारण देऊन नाकारलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच विभागाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा, २० रुपयांचं तिकीट लावून. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीलाही आहेत, पण अर्ज मंत्रालयातल्या विभागाकडे केलेला असतो, त्यामुळे अपील कुठल्या खंडपीठाकडे चालेल ते आयोगाच्या कार्यालयात फोन करून विचारा आणि मगच टपालाचा खर्च करा.